जाऊबाईंची रोजगारनिर्मिती

सरकारची एखादी योजना आमच्या थोरल्या जाऊबाईंना ठाऊक नाही, असं कुणी मला सांगितलं, तर मी शपथेवर सांगेन की ती योजना अजून निघालेलीच नाही. मुंबईत फायलीवर सही होते न होते तोच तिची खबर पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर कशी येते, देव जाणे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरात पेपर माझ्या नावाने येतो, पण तो माझ्या हाती पडतो तेव्हा त्याला खिडक्या पडलेल्या असतात. जिथे अनुदान, बीजभांडवल, व्याजात सवलत असले शब्द असतील, ती जागा जाऊबाईंनी विळीवर कापून नेलेली असते. एकदा पाथर्डीच्या स्टँडवर आम्ही दोघी भेळ खात होतो. त्यांच्या भेळेच्या कागदावर महिला उद्योजकांसाठीची जाहिरात निघाली आणि नेमकी अटींपाशी फाटलेली. त्यांनी शांतपणे माझी भेळ माझ्याच पदरात ओतली, माझा कागद काढून घेतला आणि जोडून पाहिला. तो दुसऱ्याच पानाचा निघाला. तेवढ्यावर थांबतील तर त्या जाऊबाई कसल्या. भेळवाल्याची अख्खी रद्दी उपसून त्यांनी अटी शोधल्या आणि मगच आम्ही बसमध्ये चढलो. बसमध्ये बायका माझ्या पदराकडे बघत होत्या.

मी त्यांना अक्का म्हणते. त्या मला ‘मास्तरीनबाई’ म्हणतात, तेही अशा सुरात की माझी डी.एड. ही जणू घरातली एक किरकोळ अडचण आहे. स्वतः सातवी शिकलेल्या. पण अर्ज भरताना मी ‘इतर माहिती’चा रकाना रिकामा सोडला, तर माझ्या हातावर चापटी बसते. त्यांच्याकडे पोळ्यांचा एक मोठा डबा आहे. त्यात गेल्या कित्येक वर्षांत पोळी पडलेली नाही. अख्ख्या वस्तीचे दाखले, रहिवासाचे, जातीचे, शाळा सोडल्याचे, शिवाय प्रत्येक बाईचे चार-चार फोटो, हे सगळं त्यात. माझ्या नवऱ्याचा मिसरूड फुटायच्या वयातला एक फोटो मला लग्नानंतर नऊ वर्षांनी त्या डब्यात पाहायला मिळाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लोक वाटी देतात, चमचा देतात, अक्कांनी वाण म्हणून प्रत्येकीला तिच्याच आधारकार्डाच्या तीन झेरॉक्स आणि एक प्लॅस्टिकचं फोल्डर दिलं. बायका आधी हसल्या. पुढच्या महिन्यात शिलाई मशीनचे अर्ज सुटले तेव्हा तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानापुढे ही रांग, आणि आमच्या वस्तीच्या बायका सरळ खिडकीवर.

एसटीत शेजारी कुणी बसलं की अक्का आधी वय विचारतात, मग शिक्षण, मग जमीन किती ते. मुलगी बघायला आल्यात की काय, असं समोरच्या बाईला वाटतं. शेवगावच्या फाट्यापर्यंत त्या बाईच्या हातात कागदपत्रांची यादी पडलेली असते. एका कंडक्टरच्या बायकोला त्यांनी अशीच पिठाची गिरणी मिळवून दिली. तो बिचारा अजून आम्हाला पुढची सीट राखून ठेवतो. कुणाला शेळ्या, कुणाला मिरची कांडप, कुणाला रसवंती, आणि स्वतःच्या घरात मात्र काही नाही. मी एकदा चिडून म्हणाले की, अक्का, गावाची लग्नं लावता आणि आपण बिनलग्नाच्या. तर म्हणाल्या की, एकटीचं पोट भरणारी योजना त्यांना नको, दहा जणांना घरी थांबवणारी पाहिजे.

घरी थांबवणारी का, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. दसरा आला की मुकादम दारोदार फिरतो, हंगामाची उचल, म्हणजे मजुरीतले आगाऊ पैसे, हातात ठेवतो, आणि मग ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊस तोडायला निघतात. कुणी श्रीगोंद्याकडे, कुणी राहुरीकडे, कुणी थेट कोल्हापूरच्या बाजूला. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी. अक्कांनी स्वतः अकरा हंगाम ऊस तोडलेला आहे. कंबर गेली तेव्हा सुटल्या. त्या दिवसांबद्दल त्या बोलत नाहीत. बाकी कशाहीबद्दल बोलतात, तासन् तास बोलतात, आणि त्याबद्दल नाही.

शेवटी त्यांच्या मनासारखी योजना सापडली. उद्योग काढायला बँकेने कर्ज द्यायचं, त्यातला काही वाटा सरकारने भरायचा, अट एवढीच की त्यातून माणसांना काम मिळालं पाहिजे. उद्योग ठरला बाजरीच्या खारोड्यांचा. बाजरी भरडायची, लसूण-तीळ घालून घाटा शिजवायचा, कापडावर बोटं बोटं टाकून वाळवायच्या. प्रकल्प अहवाल अक्कांनी सांगितला आणि मी लिहिला. कच्चा माल या रकान्यात त्यांनी लिहायला लावलं: बाजरी, तीळ, लसूण, मिरची, मीठ, ऊन. मी म्हटलं, ऊन काय लिहायचं. म्हणाल्या, “आपल्याकडं दुसरं काय पिकतं गं? लिव्ह. भाव, शून्य.” रोजगार किती मिळणार या रकान्यात त्यांनी पाच सांगितलं, मी पाच लिहिलं. बाजरी भरडायचं मशीनही तेवढ्यांना पुरेल असं लहानच सांगितलं. मधल्या काळात एक एजंट येऊन गेला होता. वीस लिहा, पंचवीस लिहा, बघायला कोण येतंय, आणि आलंच तर त्या दिवशी माणसं भरून आणू, असं त्याचं म्हणणं. अक्कांनी त्याला चहा दिला आणि चहा संपताच चप्पल दाखवली, म्हणजे त्याचीच, दारात काढलेली. खोटा एकही माणूस लिहायचा नाही, हा त्यांचा हुकूम होता.

अर्ज बँकेत गेला आणि बसला. श्रावण गेला, गणपती गेले. वस्तीतल्या पाच घरांनी अक्कांना शब्द दिला होता की औंदा उचल घ्यायची नाही, खारोड्यांत काम करायचं. त्यांतली मंगल सगळ्यांत हट्टी. मुकादम तिच्या ओट्यावर पैसे घेऊन बसला तरी तिने नवऱ्याला आतून बाहेर येऊ दिलं नाही. मुकादमही आमच्या भावकीतलाच, माणूस वाईट नव्हे. तो अक्कांना येऊन सरळ म्हणाला की, दसऱ्यापर्यंत थांबतो, नंतर टोळी भरली तर माझ्याकडे बोट दाखवू नका. आता सगळं एका सहीवर अडलं होतं. सही झाली तर पाच घरं उघडी राहणार, नाही झाली तर अक्कांच्या शब्दाखातर त्यांचा हंगामही बुडणार. त्या आठवड्यात अक्कांनी पेपर कापला नाही. तो मी अख्खा वाचला, आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

दसऱ्याला चार दिवस असताना बँकेचे साहेब जागा बघायला आले. तरुण पोरगा, नवीनच बदलून आलेला, आणि कोरड्या चेहऱ्याचा. पत्र्याची शेड पाहिली, पाणी पाहिलं, अर्ज उघडला. कच्च्या मालातल्या ‘ऊन’ या शब्दापाशी थांबला. “हे काय?” अक्का म्हणाल्या, “सायेब, पुन्यात खारुडी वाळवायची तर भट्टी लागंल. आमच्याकडं वरनं येतं, लाईट बी जात न्हाई त्याची.” साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात त्यांची नजर शेडपाशी उभ्या असलेल्या माणसांवर गेली. अंघोळी करून, धुतले कपडे घालून जोडीजोडीने उभी होती ती. साहेबांनी मोजली, अर्जात पाहिलं, पुन्हा मोजली, आणि चेहरा परत कोरडा झाला.

ते म्हणाले की, असले प्रकार त्यांनी पुष्कळ पाहिलेत. तपासणीच्या दिवशी माणसं गोळा करायची, साहेबाला दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवायची. “अर्जात पाच लिहिलंय, आणि इथे दहा उभे आहेत. जास्तीचे कुठून आणलेत?”

अक्कांना प्रश्नच कळेना. “पाचच हायेत की सायेब,” म्हणाल्या, आणि जोडीमागून जोडीकडे बोट करत मोजून दाखवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि लाजेने मान खाली गेली. गणित शिकवणारी मी, त्यांनी सांगितलेला आकडा मुकाट लिहिला होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. अक्कांनी माणसं मोजलीच नव्हती, पाच कोयते मोजले होते.

मी साहेबांना ते समजावून सांगितलं. ते अक्कांकडे वळून म्हणाले, जरा हळू आवाजात, की बाई, इथे प्रत्येक माणूस वेगळा मोजायचा असतो.

अक्कांनी जोड्यांमधल्या एकेका बाईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “सायेब, अकरा हंगाम तोडलं मी. मोळी माझ्या डोक्यावर, पर मुकादमाच्या वहीत नाव आमच्या घरच्या मालकाचं. माझं नाव एकदाबी न्हाई. मला वाटलं, सरकारबी तसंच मोजत आसंल.”

साहेबांनी पेन काढलं आणि तिथेच, उन्हात उभे राहून, दहा नावं लिहून घेतली. आधी बायकांची. मंगलने आपलं नाव सांगितलं आणि ते कागदावर उमटेपर्यंत वाकून बघत राहिली. मंजुरीचं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. मी शाळेत ते चार जणींना वाचून दाखवलं आणि प्रत्येक वेळी ‘ह्या माझ्या जाऊबाई’ असं सांगितलं. आजही सांगते. लोकांच्या जावा दागिन्यांवरून भांडतात, माझ्या जावेने बँकेच्या कागदावर पाच बाया वाढवल्या, आणि हे सांगताना माझी मान ताठ होते, त्याला माझा इलाज नाही.

दसरा झाला आणि बाकीच्या वस्तीचे ट्रॅक्टर निघाले. अक्का मला घेऊन फाट्यावर गेल्या. मशीन अजून यायचं होतं, म्हणून जात्यावर भरडून काढलेल्या पहिल्या घाण्याच्या खारोड्या त्यांनी पुड्या बांधून आणल्या होत्या, वाटेत पोरांना होतील म्हणून. ट्रॉल्या हळू चालल्या होत्या, वर भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं. अक्का एकेका बाईचं नाव घेऊन पुडी वर देत होत्या आणि माझ्या लक्षात आलं की त्या तोंडातल्या तोंडात मोजतायत. जोड्या नव्हे. एकेक माणूस. तिसऱ्या ट्रॉलीपाशी पुड्या संपल्या, मोजणं संपलं नव्हतं. शेवटचा ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी त्यांचा हात तसाच वर होता. मग तो खाली घेऊन, पदराला पुसत त्या म्हणाल्या, “मास्तरीनबाई, मशीन लईच ल्हान सांगितलं गं आपुन.”