साखर पेठेत यमदूत

हसा, पण आधी चहाचे कप खाली ठेवा. दूध घरच्या म्हशीचं आहे, सांडलं की मला वाईट वाटतं. आणि म्हशीचा विषय निघालाच आहे तर सांगूनच टाकते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती एका म्हशीमुळे झाली. म्हणजे चूक माझीच, म्हैस बिचारी नुसती चालत होती.

गोष्ट सोलापूरची, दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची. साखर पेठेत दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो, मी आणि बाबा. आई मी लहान असतानाच गेली. बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर होते आणि मी कॉलेजात, बी.ए.ला. हो, बी.ए.ला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला तेव्हा एकच व्यसन होतं. कोपऱ्यावर भाड्यानं पुस्तकं देणारं एका खोलीचं वाचनालय होतं. मोठमोठे ग्रंथ वरच्या फळीवर धूळ खात पडलेले, आणि खालच्या फळीवर, चटकन हाताला येतील अशा, माझ्या लाडक्या कादंबऱ्या. शहरातल्या भुतांच्या! घाबरवणाऱ्या नव्हेत हां, विनोदी. त्यातली भुतं पिंपळावर नाही, भाड्याच्या खोलीत राहायची आणि नळावर भांडायची. हडळ पोस्टात नोकरीला. तिचे पाय उलटे, त्यामुळे चपला घ्यायला गेली की दुकानदाराशी दर वेळी वाद. मुंजा नोकरीसाठी नाव नोंदवायला जातो, तर खिडकीतला कारकून म्हणतो, जन्माचा दाखला आणा. मुंजा म्हणतो, मृत्यूचा आहे, चालेल का?

शिकलेली मुलगी असलं वाचते म्हणून लोक नाकं मुरडायचे. मुरडू देत. आपल्याला ज्याची भीती वाटते तोच रॉकेलच्या रांगेत आपल्या मागं डबा घेऊन उभा दिसला, की भीती उरते का सांगा? उलट त्याची कीव येते. एवढं भूत होऊनही बिचाऱ्याला रॉकेल मिळेना, मग आपलं काय घेऊन बसलात. पुस्तक मिटून आपण बाहेर पडावं, तर आपलीच गल्ली जरा गमतीची वाटायला लागते. पोस्टात गेले की मी आजही आधी काउंटरवालीचे पाय बघते.

माझ्या वाचनाला आणखी एक गिऱ्हाईक होतं, शेजारची नरसक्का. तिच्या घरी चादरीचा माग होता. नवरा मागावर बसायचा आणि ही दुपारभर चरख्यावर त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. हात गुंतलेले, कान मोकळे. मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. नरसक्काच्या घरात बोलणं तेलुगू, पण मराठी भुतांचं तिला सगळं कळायचं. हसता हसता सूत तुटायचं आणि आतून नवरा ओरडायचा.

त्या दिवसांत जी कादंबरी चालू होती, तिच्यात एक नवशिका यमदूत रेडा घेऊन शहरात येतो, एका म्हाताऱ्याला न्यायला. नाक्यावरच जकातवाला रेडा अडवतो. मग पत्ता सापडेना. घराचा जुना नंबर वेगळा, नवा वेगळा. आणि गल्लीतली माणसं अशी बिलंदर की जो तो त्याला भलतीकडेच पाठवतो. शेवटी एक म्हातारी सांगते, 'अहो, त्यांना तुमच्यातलाच कोणीतरी कालच घेऊन गेला, तुमच्या ऑफिसात विचारा.' यमदूत कपाळाला हात लावून परत जातो आणि म्हातारा मजेत जगतो.

आणि नेमका त्याच दिवसांत बाबांना टायफॉईड झाला.

ताप उतरला, पण माणूस उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दोन घास पोटात जाईनात. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालं, आता यांनीच उठायचं मनावर घेतलं पाहिजे. मी फार घाबरले होते. आई गेली त्या दिवशीची दारातली गर्दी मला आठवत होती. बाबांशिवाय मला कोणीच नव्हतं. रात्री बाबांच्या उशाशी जागायचं आणि दुपारी नरसक्काकडे बसून यमदूताला हसायचं, असं माझं चाललं होतं.

अशातच एकदा भर दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी नळाला घागर लावून उभी होते. मागून भारदस्त आवाज आला.

"ए पोरी, गनपत साचेवाला हितं कुटं ऱ्हातो गं?"

वळून बघते, तर काळाकभिन्न, धिप्पाड माणूस. गालावर वळलेल्या मिशा, डोक्याला तांबडा पटका, हातात दोरखंड. आणि दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाला, देवाशपथ सांगते, रेडा.

"कशाला हवेत ते?" मी विचारलं. गणपत साचेवाला म्हणजे माझे बाबाच.

"लई आजारी हाय म्हनं. त्याच्यासाटीच आलोय. त्याला बगितल्याबिगर जायाचा न्हाय."

आता तुम्ही म्हणाल, बी.ए.ची मुलगी आणि यमदूतावर विश्वास? नव्हता हो विश्वास. पण समजा, असलाच तर? बाप माझा होता. एक पत्ता चुकीचा सांगायला माझं काय जात होतं?

"ते होय? ते शुक्रवार पेठेत राहायला गेले," मी म्हटलं. "इथून सरळ जा आणि मग कुणालाही विचारा."

कादंबरीतलंच वाक्य, जसंच्या तसं. तो "देव तुजं भलं करो" म्हणाला आणि रेडा वळवून निघाला. यमदूत देवाचं नाव घेऊन आशीर्वाद देत नाही, हे तेव्हा तरी सुचायला हवं होतं की नाही? पण मी घागर तिथंच टाकून नरसक्काकडे पळाले.

नरसक्का आधी हसली. "अय्यो, येडं झालं काय तू? यमाला काय काम नाही काय, साखर पेठला येतंय?"

मलाही जरा हसू आलं. थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाला तो पुन्हा दिसला आणि आम्हा दोघींचं हसू पळालं. त्या भागात घरोघर सूत रंगवून बांबूवर वाळत घातलेलं असायचं. तशाच कुठल्यातरी गल्लीतून ते जनावर घुसून आलं होतं. दोन्ही शिंगांना ओल्या सुताच्या लालभडक लडी लोंबत होत्या आणि कपाळावरून लाल रंग खाली ओघळत होता. कादंबरीतल्या रेड्याचंसुद्धा एवढं भयानक वर्णन नव्हतं. नरसक्काच्या हातातली कांडी खाली पडली.

"तू आत जा," ती म्हणाली. "बापाजवळ बस. मी बगतो." मराठी बोलताना नरसक्का स्वतःला पुरुष करून टाकायची. त्या दिवशी तिचं ते बोलणं ऐकून मला खरंच आधार वाटला.

यमदूताला जोडभावी पेठेत पाठव, एवढं मी तिला सांगितलं आणि घरात जाऊन आतून कडी लावली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी खिडकीला कान लावला.

"अक्का, गनपत साचेवाला कुटं ऱ्हातो वो? शुक्रवार पेठंत त्यो न्हाय म्हनत्यात. जो त्यो साखर पेठंतच धाडतोय."

आता नरसक्कानं जोडभावी पेठ म्हणायचं की नाही? पण ती पडली त्या कादंबरीची माझ्याहून मोठी भक्त. मधली प्रकरणं गाळून तिनं थेट शेवट गाठला.

"गणपत? त्याला नेलं की."

"नेलं? कुटं नेलं?"

"वर," नरसक्का म्हणाली. "मागच्या आठवड्यातच."

मी मनात म्हटलं, आता हा कपाळाला हात लावून परत जाणार. आणि तेवढ्यात हंबरडा ऐकू आला. खिडकीतून बघते तर एवढा थोरला यमदूत गल्लीत फतकल मारून बसलेला, पटक्याच्या शेवानं डोळे पुसत रडतोय.

"आरं गनप्या, दुस्काळात ही येकच जगवली रं, तुज्यासाटी घेऊन आलो की! जरा वाट बगायची न्हाय व्हय!"

यमदूत रडतात असं कुठल्याच कादंबरीत नव्हतं. मी गोंधळून गेले. आणि मागून बाबांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी स्पष्ट आवाज.

"मल्लप्पा रडतोय का गं?"

"कोण मल्लप्पा?"

"कुंभारी गावचा. माज्यासंगं साच्यावर हुता. तू पाळण्यात हुतीस तवा मिल सोडून शेती कराय गेला. त्याच्याकडचं कोन गेलं की काय?"

असं म्हणून बाबा उठून बसले. मग पाय खाली सोडले. अंगावरची पांढरी चादर गुंडाळून घेतली आणि भिंत धरधरून दाराकडे निघाले. मी त्यांचे पाय धरले. "बाबा, दाराबाहेर जाऊ नका, पाया पडते तुमच्या." त्यांनी मला बाजूला सारलं आणि कडी काढली.

मल्लप्पानं मान वर केली. समोर दाढी वाढलेला, हाडं निघालेला, पांढऱ्या चादरीतला गणपत, ज्याला मागच्या आठवड्यातच वर नेलं होतं. मल्लप्पाचं रडणं जागच्या जागी थांबलं. तो उठला, जनावराच्या पलीकडे जाऊन दडला आणि ग्रामदैवताचा धावा करायला लागला.

"सिद्रामा, सिद्रामा! गनप्या, म्या तुजं कायबी वाईट केलं न्हाय. आलास तसा माघारी जा बाबा."

"आरं, पर कोन गेलं ते सांग की," बाबा म्हणाले.

"तूच की!"

एव्हाना गल्ली गोळा झाली होती. कोण म्हणालं मी गेलो, असं बाबांनी विचारलं. मल्लप्पानं नरसक्काकडे बोट केलं. नरसक्कानं माझ्याकडे. मी कोणाकडे करणार? माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मला वाटलं यमदूत... तो रेडा..."

मल्लप्पा हळूहळू पलीकडून बाहेर आला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग वाकून जनावराच्या पोटाखाली बघितलं आणि फार प्रेमानं विचारलं, "पोरी, कालेजात जातीस न्हवं तू? यमाच्या रेड्याला कास असती व्हय गं?"

बाबा हसले. आधी नुसता श्वास सुटल्यासारखे, मग दाराला टेकून, मग पायरीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते लाजेचं नव्हतं. ते हसणं मला पुन्हा ऐकायला मिळेल असं वाटलंच नव्हतं. पोट धरून हसून झाल्यावर बाबा म्हणाले, "भाकरी हाय का गं? भूक लागली."

गणपतला दुधाची गरज आहे हे कुंभारीत कोणाकडून तरी मल्लप्पाच्या कानावर गेलं होतं. म्हणून त्यानं दावणीची एकुलती एक म्हैस सोडली आणि चालत शहरात आणली. आमचं नवं घर त्यानं बघितलेलं नव्हतं, एवढंच. "आता ताजी धार काडतो, निरसं दूध पी," म्हणत तो तांब्या घेऊन बसला. पण भर उन्हात पेठा हिंडून आलेली म्हैस पान्हा सोडेल होय? तिनं थेंब दिला नाही.

"पोरीनं लई फिरवली तिला," मल्लप्पा म्हणाला. त्या संध्याकाळी सगळ्यांनी कोरा चहा घेतला आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघून घेत होता.

सकाळी मात्र म्हशीनं तांब्या भरून दिला. बाबा दुधानं सावरले असं डॉक्टर म्हणाले. मला विचाराल तर अर्धं श्रेय त्या कादंबरीचं. काय वाचतेस ते मलाबी वाचून दाखव, असा बाबांनी हट्टच धरला. जकात नाक्यावर रेडा अडवला तिथं त्यांना खोकल्याची उबळ आली हसून. शेवट ऐकल्यावर त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेऊन उशाशी ठेवलं. मग म्हणाले, "लई भ्या वाटत हुतं गं मला. पर त्यालाबी घर घावंना म्हटल्यावर धीर आला बघ." त्या कादंबऱ्यांबद्दल इतकं खरं बोललेलं मी नंतर कुठं ऐकलं नाही.

पुढे मल्लप्पा कधीही आला की उंबऱ्याबाहेरूनच विचारायचा, "गनपत हितंच ऱ्हातो, का नेला वर?" बाबा आतून ओरडायचे, "शुक्रवार पेठंत बघ जा." माझं लग्नही मल्लप्पानंच जुळवलं, इथं श्रीपूरला. पाहुण्यांना म्हणाला, "पोरगी बी.ए. हाय, सैपाक झ्याक करती. फकस्त गोठ्यात येकटी सोडू नगा." आणि दिलं कुठं, तर दारातच म्हशी बांधलेल्या घरात. नरसक्कानं पाठवणीला चादर दिली आणि कानात सांगितलं, आधी खाली वाकून बघायचं.

ते पुस्तक पुन्हा कुठं मिळालं नाही. वाचनालय गेलं, मिलही बंद पडली. साखर पेठेत गेले की मी त्या नळापाशी उगाच थोडी थांबते.

बाबा पिकल्या वयात माझ्याकडेच होते. शेवटच्या दिवशी मी फाटकातून हलले नाही. हसू नका, आता खरंच सांगते, रस्त्यानं जाणारं प्रत्येक काळं जनावर मी वाकून बघत होते. सगळ्यांना कास. मी निर्धास्त. दिवे लागायच्या सुमाराला आत आले तर बाबा गेलेले, चेहरा अगदी निवांत.

मी आपली दिवसभर रेडा शोधत बसले, आणि मेला यमदूत बहुतेक एस.टी.नं आला.