आभार मानता मानता हातमोजे राहिले

घंटा वाजली तेव्हा सुनंदाताई अजून पाहुण्यांचे आभारच मानत होत्या. दोन मिनिटं संपली होती. आपण काय बनवतो, हे त्यांनी अजून सांगितलंच नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली. मी तेव्हा सरकारच्या उद्योग विभागात निरीक्षक होते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले छोटे उद्योग शोधायचे आणि त्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, हे माझं काम. त्या दिवशी मुरबाडला व्हेंडर मीट होती. म्हणजे कारखान्यांचे परचेस ऑफिसर, खरेदी करणारी माणसं, समोर बसणार आणि माल बनवणाऱ्यांनी एकेक करून आपला परिचय द्यायचा.

सुनंदाताई शहापूर तालुक्यातल्या शेणवे गावच्या. गावातल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत अकरा बायका घेऊन कामगारांसाठी जाड कापडी हातमोजे शिवायच्या. त्यांचा माल उचलणाऱ्या एकुलत्या एका व्यापाऱ्याने धंदा बंद केला होता. दोन महिने मशीन झाकून ठेवलेली. अकरांपैकी तिघी वीटभट्टीवर जायची बोलणी करत होत्या.

मी त्यांना चार वाक्यांत बोलायला सांगितलं होतं आणि ती वाक्यं एका कागदावर उतरवून घेतली होती. आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी तो कागद पाहिला.

"हे काय? प्रमुख पाहुण्यांचं नाव नाही, विभागाचा उल्लेख नाही! महिला सक्षमीकरण कुठंय?"

"साहेब, त्यांना दोनच मिनिटं आहेत."

"म्हणूनच नीट लिहून द्यायला हवं. खेड्यातली बाई, तिला काय बोलता येणार?"

त्यांनी स्वतः दोन पानं लिहिली. मला राग आला, तरी मी ती पानं टाइप करून दिली. त्याची लाज मला आजही वाटते.

घंटा वाजल्यावर सूत्रसंचालकाने हसत माइक काढून घेतला. सुनंदाताई खाली येऊन बसल्या. मागच्या रांगेतल्या एका परचेस ऑफिसरने मला विचारलं, "मॅडम, त्या बाई नक्की करतात काय?"

माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांचं भाषण पंचेचाळीस मिनिटं चाललं होतं. तेव्हा कुणी घंटेला हात लावला नव्हता. मी सरळ स्टेजवर बसलेल्या आमच्या साहेबांजवळ गेले.

"साहेब, सुनंदाताईंना एक मिनिट हवंय."

"आता आभारप्रदर्शन आहे. खाली बसा."

"आभार त्यांनी मानलेत. उद्योग सांगायचा राहिलाय."

"तुम्ही प्रोटोकॉल मोडताय, मॅडम."

आमचं हे चालू असताना सुनंदाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. पानं खुर्चीवर ठेवली. पिशवीतून हातमोज्यांची जोडी काढली आणि माइकशिवाय, शेताच्या बांधावरून हाक मारावी तशा बोलल्या.

"मी शेणव्याची सुनंदा. आमी अकरा बाया हातमोजे शिवतो. पत्र्याच्या कडेनं हात कापतो ना, त्यासाठी. मोजा पयला अंगठ्याजवळ उसवतो, म्हणून तिथं आमी डबल टीप घालतो. ज्याला बघायचाय त्यानं वढून बघा. उसवला तर जोडी परत घेते."

मघाचाच परचेस ऑफिसर उठून पुढे आला. मोजा उलटा करून त्याने शिवण पाहिली, मग दोन्ही हातांनी अंगठा ओढला.

"आठवड्याला किती होतील?"

"मशीन आजपासून लावली तर दोनशे जोड्या. जास्त सांगणार नाय."

"सोमवारी सॅम्पल घेऊन आमच्या कारखान्याच्या गेटवर या."

सॅम्पल पास झालं. पहिल्या लॉटमधल्या काही जोड्या रिजेक्ट झाल्या, म्हणजे परत आल्या. माप लहान पडत होतं. बायकांनी पुठ्ठ्याचे नवे साचे कापले. दुसऱ्या लॉटमधलं काही परत आलं नाही. पुढे दर महिन्याला ऑर्डर येत गेली. वीटभट्टीवर कुणी गेलं नाही.

मला मात्र मेमो मिळाला. व्यासपीठाची शिस्त मोडल्याबद्दल खुलासा मागवला होता. खुलासा मी एका ओळीत दिला: 'उद्योजिकेने उद्योगाचा परिचय देणे आवश्यक होते.' त्याच आठवड्यात कार्यक्रमाचा अहवाल सहीसाठी माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिलं होतं, 'विभागाने तयार करून दिलेल्या मनोगतामुळे महिलेस मोठी ऑर्डर प्राप्त झाली.'

मी सही केली नाही. साहेबांनी केली.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी प्रत्येक नव्या उद्योजकाला एवढंच सांगत आले: स्टेजवर कोण बसलंय ते समोरच्यांना दिसतंच. तुम्ही काय बनवता ते सांगितल्याशिवाय कळत नाही.