पहिला रकाना

माझा राग गंगापूर तालुक्यात प्रसिद्ध होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझी बाजू घ्यायला नको. एकतीस वर्षं सरकारी वैद्यकीय अधिकारी होतो, त्यातली शेवटची अकरा लासूर स्टेशनजवळच्या एका आरोग्य केंद्रात. आता शहरात, गारखेड्यात राहतो. सकाळी पेपर वाचताना मी पेपरवाल्यांवर ओरडतो आणि उमा, माझी बायको, माझ्यावर. पण ही हकीकत माझी नाही, तनुजाची आहे. माझं नाव त्यात येतं ते एका घोडचुकीमुळे.

तनुजा रामकिसन गायके. वय एकोणतीस, उंची बेताची, आवाज खणखणीत. वडील लासूरजवळ शेती करतात. आई द्वारकाबाई गावची आशा कार्यकर्ती, म्हणजे घरोघरी फिरून गरोदर बायांची आणि लेकरांच्या लसींची नोंद ठेवणारी. तनुजानं सार्वजनिक आरोग्यात एम.ए. केलं आणि एका संस्थेत नोकरी धरली. शहरातच, औरंगपुऱ्यात दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची आणि स्कूटीवरून सगळा जिल्हा पालथा घालायची. गेल्या ऑक्टोबरात ती आमच्या घरी आली, पाण्याचा पेला एका दमात संपवला आणि म्हणाली, "सर, पीएच.डी.ला अर्ज करतेय. बाहेरच्या देशातल्या सहा विद्यापीठांत. शिफारसपत्र द्याल का?"

"दोन प्रोफेसर आहेत ना तुझे?"

"तिसरा माणूस असा पाहिजे की ज्यानं मला काम करताना बघितलंय."

मी हो म्हणालो. वरवर "बघतो" असं म्हणालो, पण आतून फार बरं वाटलं. रिटायर झालेल्या माणसाकडे लोक एक तर ब्लडप्रेशर मोजायला येतात, नाही तर लग्नाची पत्रिका द्यायला.

मी तिला काम करताना पहिल्यांदा पाहिलं ते बारा वर्षांपूर्वी, ती बारावीत असताना. केंद्रात आशांची महिन्याची मिटिंग होती. गोवराच्या लसीकरणाचा अहवाल मी शंभर टक्के करून ठेवला होता, सहीच बाकी होती. तेवढ्यात द्वारकाबाई उठल्या. "सायेब, वीटभट्टीवरची लेकरं ऱ्हायलीत." मी म्हटलं, भट्टीवरची पोरं आपल्या गावाच्या यादीत नाहीत. त्या म्हणाल्या, "यादीत नाय, पर भट्टीवर हायेत ना." मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "बसा खाली!" चाळीस बायांसमोर. त्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी सायकलवर एक मुलगी आली. शाळेच्या वहीत रेघा मारून तिनं तेवीस लेकरांची नावं लिहून आणली होती. वय, आईचं नाव, कुठली भट्टी आणि शेवटच्या, लसीच्या रकान्यात तेवीस फुल्या. मला म्हणते, "सर, यादीत नाय म्हणून गोवर त्यांना सोडणार हाय का?" मी वही भिरकावली. तिनं ती उचलली, झटकली आणि पुन्हा माझ्यासमोर तशीच उघडून ठेवली.

दोन तासांनी मी जीप काढली. भट्टीवर दोन पोरांच्या अंगावर पुरळ आलेलंच होतं. ती दोन्ही वाचली, बाकीच्यांना लस मिळाली. ती तेवीस नावं तोवर राहिलेली म्हणून दाखवल्यावर त्या महिन्याचा अहवाल शंभराचा एक्क्याण्णव झाला आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. पुढे सुट्ट्यांत तनुजा केंद्रात येऊन नोंदी तपासायला लागली, आणि माझ्या एकाही आकड्यावर तिनं न भांडता विश्वास ठेवला नाही. द्वारकाबाईंना मात्र मी त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. मोठ्या साहेबानं चुकलो म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि मी पद्धतीला धरून चालणारा माणूस.

तर पत्र. चार दिवस बसून, दोन बोटांनी टाइप करून मी हे सगळं जसं घडलं तसं इंग्रजीत लिहिलं. उमानं वाचलं आणि म्हणाली, "अहो, पहिल्यांदाच खरं लिहिलंत काहीतरी." पत्र झाल्यावर विद्यापीठाच्या वेबसाइटवर एक तक्ता होता. तुम्ही आजवर पाहिलेल्या माणसांत ही उमेदवार कुठे बसते? पाच रकाने. पहिल्या दोन टक्क्यांत, पाचांत, दहांत, पंचविसांत आणि शेवटी साधारण.

आता इथं सरकारी माणसाचं डोकं कसं चालतं ते समजून घ्या. नोकरीत दरवर्षी हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहावे लागतात. मी नवा असताना एका नर्सला 'अत्युत्कृष्ट' लिहिलं. अहवाल उलट टपाली परत आला. प्रत्येक शेऱ्याचं समर्थन पुराव्यानिशी जोडा! आमचे वरिष्ठ म्हणाले, "देऊळगावकर, 'चांगला' लिहीत जा. चांगल्याला कोणी प्रश्न विचारत नाही." तेव्हापासून मी सगळ्यांना चांगला लिहीत आलो. जे रात्रंदिवस राबले त्यांनाही चांगला, जे खुर्चीत झोपले त्यांनाही चांगला.

म्हणून तनुजाला मी चौथ्या रकान्यात टिक केली, पहिल्या पंचविसांत. आणि अगदी समाधानानं केली, कारण शंभरात पंचवीस म्हणजे केवढं झालं! 'सहकार्याची वृत्ती' असा एक प्रश्न होता. तिथं मी 'साधारण' लिहिलं, कारण ती भांडायची, हे खरंच होतं. सहाही ठिकाणी एकसारख्या खुणा केल्या. पुढेमागे तपासणीत तफावत निघायला नको.

डिसेंबरात अर्ज गेले आणि वाट बघणं सुरू झालं. तनुजाला वाट बघता येत नाही. ती फोन पालथा ठेवायची, मग उलटा करायची, मग स्वतःवरच चिडून पुन्हा पालथा ठेवायची. सहांपैकी एकाही ठिकाणी पूर्ण फेलोशिपसकट हो म्हणाले नाहीत तर विषय तिथंच संपणार होता. संस्थेचं काम मार्चअखेर बंद होत होतं आणि गावाकडे तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. "यंदा नाय झालं तर आता नायच होणार, सर," असं ती एकदा उमाबरोबर भाजी निवडताना मला सहज म्हणाली.

आणि लासूरहून पिशव्या यायला लागल्या. द्वारकाबाईंनी डिसेंबरात तुरीच्या शेंगा धाडल्या, मग हुरडा, मग मोसंबी. प्रत्येक पिशवीबरोबर एकच निरोप. "सायबांनी पोरीसाठी लिव्हलं, लई उपकार झाले."

जानेवारीत आमच्या मुलीचा, मनस्विनीचा फोन आला. ती बंगळुरूला कॉलेजात शिकवते. मी तिला मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं, रकान्यांसकट.

"बाबा, पंचविसांत?"

"हो. का?"

"अहो, तिथं सगळे पहिल्याच रकान्यात टिक करतात. अगदीच हात आखडला तर दुसऱ्या. चौथ्या रकान्याचा अर्थ होतो, हिला घेऊ नका."

समोर ताटात मोसंबी सोलून ठेवलेली होती, ती मी तशीच उमाकडे सरकवली. त्याच दुपारी सहाही विद्यापीठांना लिहिलं की माझ्याकडून चूक झाली आहे, मला दुरुस्ती करायची आहे. दोघांनी अतिशय गोड शब्दांत कळवलं की एकदा पाठवलेलं बदलता येत नाही. बाकीच्या चौघांनी तेवढंही कळवलं नाही.

फेब्रुवारीत नकार यायला लागले. पहिला आला तेव्हा ती म्हणाली, ते विद्यापीठ तसंही फार मोठं होतं. दुसरा तिनं नुसता मेसेजवर कळवला. तिसऱ्याच्या वेळी फोनवर नुसतं म्हणाली, "सर, तिसरे पण नाय म्हणाले." उमा मला रोज विचारायची, "सांगितलंत का तिला?" मी म्हणायचो, सांगतो. सरकारी उत्तर. शेवटी उमा म्हणाली, "आता त्या घरची पिशवी आली तर मी दारातून परत पाठवीन. खायचा हक्क नाही आपल्याला." तिचंही बरोबर होतं.

रविवारी तनुजाला बोलावलं आणि सांगितलं. आडपडदा न ठेवता, गोपनीय अहवालापासून सगळं. ती चहाच्या कपाकडे बघत ऐकत होती.

"पंचविसांत?"

"हो."

"आणि सहकार्याला?"

"साधारण."

ती हसली. "ते बरोबर हाय तुमचं." मग तिचं हसू गेलं. "राग आला नाय असं म्हणणार नाय मी. आला. लई आला. थांबा जरा." ती उठून गच्चीवर गेली. उमा तिच्या मागे निघाली, तिला मी थांबवलं. दहा मिनिटांनी तनुजा खाली आली, डोळे धुतलेले.

"सर, अर्जात एक निबंध लिहायचा असतो, तुम्ही या विषयाकडे कसे आलात म्हणून. मी तुमच्यावर लिहिलाय. वहीचं लिहिलंय."

"मी वही फेकली ते पण?"

"फेकली ते पण. आणि दोन तासांनी जीप काढली ते पण. तालुक्यात वही फेकणारे लई होते, सर. जीप काढणारे तुम्ही एकलेच. तुम्ही त्या दिवशी गेला नसता ना, तर मला वाटलं असतं की यादी करून काही होत नसतं. मी आज कुठंतरी भाकऱ्या थापत बसले असते. त्यापुढं एका खुणेचं काय धरायचं?"

ती गेल्यावर मी बराच वेळ देवघरासमोर बसलो. मी काही फार देवभक्त नाही, पण माणसाला आभार मानायला एखादी जागा लागते.

चौथा नकार आला. पाचवाही आला. सहाव्यांनी मुलाखतीला बोलावलं. मुलाखत व्हिडिओवर होती आणि औरंगपुऱ्यातल्या तिच्या खोलीखाली दिवसभर रिक्षांचा कल्ला चालायचा, म्हणून ती आमच्या बैठकीत बसली. मी आणि उमा स्वयंपाकघरात कुकर न लावता श्वास धरून उभे. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं की त्यांनी अर्धा वेळ वीटभट्टीबद्दलच विचारलं. तिच्या निबंधात आणि माझ्या पत्रात एकच प्रसंग होता, दोघांनी एकमेकांना न विचारता लिहिलेला, आणि माझ्या पत्रात दोष माझ्याच पदरात घातलेला होता. शेवटी एका बाईंनी विचारलं, तुमचे डॉक्टर पत्रात एवढं भरभरून लिहितात आणि तक्त्यात मात्र हात आखडतात, हे कसं?

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, की ते सरकारी नोकरीत होते. त्यांच्याकडं पंचविसांत म्हणजे लई वर."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, फाटकाशी स्कूटी थांबली. मागे द्वारकाबाई, नवं लुगडं नेसलेल्या, मांडीवर पेढ्यांचा पुडा. तनुजा काही बोलायच्या आधीच मला कळलं. सहाव्यांनी घेतलं होतं, पाच वर्षांच्या पूर्ण फेलोशिपसकट. उमानं तिला पोटाशी धरलं. मी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसला, आणि तो पुसून होईचना.

पेढे झाले, चहा झाला. द्वारकाबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, येक विचारू का? तुमी लिव्हलं तरी काय असं?"

मी पत्र काढलं आणि एकेक ओळ मराठीत करून वाचू लागलो. त्या ओळीवर आलो. 'सर्वांत आधी मला हे तिच्या आईनं सांगितलं. मी ऐकलं नाही. चाळीस जणींसमोर मी तिला खाली बसवलं. ती बरोबर होती, मी चुकलो होतो.' तीही वाचली. मग कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "द्वारकाबाई, हे मी तुम्हाला बारा वर्षांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "इंग्रजीत लिव्हलं व्हय तुमी असं? परदेशात धाडलं?"

"हो."

"सायेब, त्या चाळिसातल्या निम्म्या बाया अजून मला 'बसा खाली' म्हणून चिडवत्यात. येवढं मराठीत लिहून द्या ना एका कागदावर. त्यांना दावते."

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं. तारीख, गाव, भट्टी, तेवीस लेकरं, सगळं. त्यांनी शिक्क्याचं विचारलं. रिटायर झालो, आता शिक्का नाही, म्हणालो. "मंग सही ठळक करा," त्या म्हणाल्या.

सहीच्या आधी माझा हात थांबला. पट्टी घेऊन मी पाच रकाने आखले, प्रत्येकावर टक्के घातले, आणि पहिल्या रकान्यात मोठी टिक केली.

"ह्ये काय?"

"एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली जेवढी माणसं काम करून गेली, त्यांत तुम्ही इथं बसता. सगळ्यांत वर."

त्यांनी बोटानं तो रकाना चाचपला. मग मान वर करून सरळ विचारलं, "आन् माझ्या पोरीला कुठं बशिवलं व्हतं?"

उमानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

"तिथंच, आई," तनुजा म्हणाली. "तुझ्या शेजारीच."

मी मान खाली घातली आणि सही ठळक केली.