दमा आणि मेंढरं

निजामाच्या काळात, अंबडच्या दवाखान्याच्या ओसरीवर दर बाजारच्या दिवशी आम्हा जुन्या रोग्यांची मैफल भरायची. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली रिकामी बाटली, तिच्यावर कंपाउंडरने चिकटवलेली डोसाच्या खुणांची कागदी पट्टी. मी पोटदुखीचा मानकरी. कळ पाठीत कशी शिरते, हे असं रंगवून सांगायचो की लोक सरकून जागा द्यायचे.

एक धनगर बाई मात्र कधी टेकायची नाही. दम्याने छाती भात्यासारखी चालायची, तरी खांबाला धरून उभी, नजर बाहेरच्या मेंढरांवर.

एकदा मी म्हणालो, "बसा की बाई. किती दिवसांचं दुखणं?"

"धाकटी पोटात होती तव्हापासून," ती थांबत थांबत म्हणाली. "पर बसून त्याचं कौतिक करायला मला फुरसत न्हाई. जेवायला माझ्यासंगं बसतो ना दमा? मंग मेंढरामागं बी चालू दे त्याला."

औषध घेऊन ती निघाली. वेशीपर्यंत तीनदा थांबली, पण खाली बसली नाही.

मग माझी पाळी आली. कंपाउंडरने विचारलं, "आज किधर दुखताय?"

मला आठवावं लागलं.