देवळाची शिडी

"आधी आंबे किती फुटले ते बघ," मालक म्हणाला.

माझा नवरा झाडाखाली उताणा पडला होता. डोळे उघडे. पाय हलत नव्हते. आणि मालक त्याच्या अंगाभोवती सांडलेले आंबे वेचून घेत होता.

पिंगळीजवळची ती आमराई. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, झाडं वाकली होती. जमिनीला लागलेला आंबा आढीत नासतो, म्हणून शिडीवर चढून एकेक फळ हातानं उतरवायचं. मालकाकडे शिड्या दोन. एक सागाची, भक्कम, गोठ्याच्या भिंतीला टांगलेली. तिच्यावरून देवळाचा कळस रंगवायचे. दुसरी आमच्यासाठी. जुन्या बांबूची, मधली पायरी निखळलेली.

सकाळी मी म्हणाले होते, "मालक, ही पायरी निखळलीय. ती शिडी द्या."

"ती देवाची हाय. तुमचे पाय लागल्यावर देवळात कशी न्यावी? दोरी बांध."

"जी," मी म्हणाले. अंबाडीच्या दोरीनं पायरी मीच बांधली. तीच पायरी माझ्या नवऱ्याच्या पायाखालून गेली. ते 'जी' मला अजून जाळतं.

आम्ही बौद्ध होऊन किती वर्षं झाली होती. त्यांच्या देवाशी आमचं काही उरलं नव्हतं. तरी त्यांचा विटाळ आमची पाठ सोडत नव्हता.

परभणीच्या दवाखान्यात न्यायला मी बैलगाडी मागितली.

"गाडीत आंबा भरलाय. पाठकुळी घेऊन जा की नवऱ्याला."

त्याची माणसं खदाखदा हसली. आम्ही नवऱ्याला उचलायला गेलो तर तो गुरासारखा ओरडला. त्याला आडवं न्यायला काहीतरी हवं होतं. मी गोठ्याकडे निघाले.

"ए, हात लावू नको तिला!"

लावला. दोन्ही हात लावले. सागाची शिडी ओढून काढली, वर गोधडी टाकली, नवऱ्याला निजवलं. आमच्या वस्तीतल्या चौघांनी खांदा दिला. पिंगळीचं स्टेशन येईपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही.

तो जगला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. मालकाचा निरोप आला, शिडी बाटली, जाळून टाका. मी ती माझ्या दाराशी उभी केली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा गडी आला.

"मालकानं बोलावलंय. आंबा उतरायचाय. येताना ती शिडी आणा म्हणले, मजबूत हाय."

बाटलेली शिडी आंब्याला चालत होती. माझा नवरा आत बाजेवर पडून ऐकत होता. खोटं कशाला बोलू, घरात दाणा नव्हता आणि 'जी' माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"मालकाला सांग, शिडी हाय. चढायचं त्यानं. खाली मी धरते."

गडी निघून गेला आणि माझं बोलणं वस्तीभर झालं. त्या साली आमच्या वस्तीतून एकही माणूस आमराईत गेलं नाही. आंबा झाडावरच पिकला आणि जमिनीला लागला. मी उपाशी होते आणि मला बरं वाटलं. माझ्या घरातलं कुणी आता दोरी बांधलेल्या पायरीवर पाय ठेवणार नाही.