मालदीवच्या मास्तरांचा परिचय

“दिग्या, मागं बघ! अरे मेल्या, मागं बघ!”

चारशे माणसांनी भरलेल्या मंगल कार्यालयात, डोक्याला फेटा बांधून स्टेजवर माईक धरून उभ्या असलेल्या साठीच्या माणसाला त्याची सख्खी बहीण ‘दिग्या’ म्हणते, तेव्हा त्या माणसाने ओळखावं की काहीतरी बिघडलंय. मी ओळखलं नाही. मला वाटलं, अक्का वेळ संपल्याची खूण करतेय. मी तिला हाताने ‘बस, बस’ केलं आणि आवाज आणखी चढवला.

(आवाजाचं सांगायचं तर मी विंचूरच्या बाजारात पस्तीस वर्षं कांद्याची आडत केली. लिलावात मी ओरडायला लागलो की येवल्याकडून येणारे ट्रॅक्टर आपोआप वेग वाढवतात, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच म्हणतो, पण लोक नाही म्हणत नाहीत.)

हेमंत माझा भाचा, अक्काचा एकुलता एक. वाढला सिन्नरजवळ वस्तीवर. बोलायला लागला चौथ्या वर्षी, आणि पहिलं वाक्य बोलून झाल्यावर त्याला बहुतेक पश्चात्ताप झाला असावा, कारण त्यानंतर तो जपूनच बोलला. आमच्या घराण्यात हे म्हणजे आक्रीतच! आमच्याकडे दोन माणसं पाच मिनिटं गप्प बसली तर तिसरा घाबरून विचारतो, “कोण गेलं?”

असा हा पोरगा गणिताचा शिक्षक झाला आणि नोकरी धरली थेट मालदीवला. बेट एवढंसं, की सकाळी फिरायला निघालेला माणूस दहा मिनिटांत सरळ चालत चालत स्वतःच्याच घराच्या मागच्या दाराशी येतो. चारी बाजूंनी पाणी, मधे शाळा. मी म्हटलं, “अक्का, त्याला पाहिजे तसं गाव मिळालं. पाहुणे यायची भीतीच नाय!”

अक्का हसली नाही. ती म्हणाली, “दिग्या, पोरगं एकोणतीसचं झालं. तिकडं एकटंच जेवतंय.”

स्थळं यायची. परदेशातला मास्तर म्हटल्यावर का नाही येणार? पण हल्ली आधी व्हिडिओ कॉल. पहिल्या मुलीने विचारलं, “तुम्हाला काय काय आवडतं?” प्रश्न तसा अवघडच. हेमंत विचार करू लागला. दीड मिनिट झालं. मुलगी म्हणाली, “हॅलो? हॅलो? आई, हे फ्रीझ झालेत!” आणि फोन ठेवून दिला. दुसरीने रेंज नाही म्हणून ठेवला. तिसरीच्या वडिलांनी तर मला फोन करून सांगितलं, “आडतदार, मुलगा चांगला आहे, पण फोटो दाखवायचा तर फोटो म्हणून दाखवा. व्हिडिओ कॉल कशाला म्हणता?”

तिसऱ्यानंतर हेमंत अक्काला म्हणाला, “आई, एकदाच मला माझ्या शब्दांत सांगू दे, मी कसा आहे ते. कुणाला नाही पटलं तर नाही. पण मग हा विषय बंद. कायमचा.”

अक्काने हे मला सांगितलं तेव्हा ती पदराच्या टोकाला उगाचच गाठ मारत होती.

तेवढ्यात नाशकात समाजाचा वधू-वर परिचय मेळावा लागला. प्रत्येकाला दोन मिनिटं, मग सभागृहातून प्रश्न. परदेशातल्या मुलांसाठी खास सोय: मुलगा मोठ्या पडद्यावर दिसणार आणि नातेवाईक स्टेजवर त्याचा परिचय वाचणार. हेमंतने परिचय लिहून पाठवला. तो असा:

‘मी हेमंत. गणित शिकवतो. वर्गात बोलतो, वर्गाबाहेर कमी बोलतो. गर्दीत थकायला होतं. कुणी शेजारी नुसतं बसलं तरी मला गप्पा झाल्यासारखं वाटतं. समुद्र रोज बघतो, पोहता येत नाही. वरण-भात बरा करतो. हे सगळं आधी सांगितलेलं बरं.’

मी वाचून थंडच पडलो. हा परिचय आहे की पोलिसांपुढचा जबाब? अहो, कांद्याची गाडी लावताना मोड आलेला कांदा कुणी वरती मांडतं का? वरती कसा लालबुंद, टपोरा, गोल माल!

रात्री हेमंतचा फोन. (त्याचा फोन म्हणजे सहा शब्द, दोन सेकंद.)

“मामा, तुम्ही फक्त वाचा. जोडू नका.”

“वाचतो रे!”

त्याने मला शपथ घातली नाही. नुसता विश्वास ठेवला. शपथ घातली असती तर मी एखादी पळवाट काढली असती.

मेळावा रविवारी. मालदीवला रविवारी शाळा असते, म्हणून हेमंत मोकळ्या तासाला रिकाम्या वर्गात बसून आमच्याशी जोडला गेला. सकाळी तालीम घेताना त्याचा आवाज स्पीकरवर सोडला, तर स्पीकर असा किंचाळला की खालच्या भटारखान्यात आचाऱ्याच्या हातातला झारा पडला. तेव्हा सूत्रसंचालक जाधव सरांनी फर्मान काढलं, “परिचय होईपर्यंत मुलाचा आवाज बंद! प्रश्नांच्या वेळी सोडू.” म्हणजे हेमंतला आमचं सगळं ऐकू येणार, पण त्याला बोलता येणार नाही. मी मनात म्हटलं, याला काय फरक पडतो?

आमच्या आधीचा मुलगा बंगल्यावाला. त्याने बंगल्याचं असं वर्णन केलं की बायका फाटकापासून माडीपर्यंत मनातल्या मनात फिरून आल्या. टाळ्याच टाळ्या! मग जाधव सर म्हणाले, “क्रमांक एकशे बारा, हेमंत, मालदीव.”

मी स्टेजवर गेलो. पाठीमागे भिंतभर पडदा, त्यावर हेमंत. कागद उघडला. “मी हेमंत. गणित शिकवतो,” एवढं वाचलं आणि समोर बघितलं. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ जांभई देत होता. मधल्या बायका परिचय पुस्तिकेने वारा घेत होत्या. पस्तीस वर्षं मी समोरचा व्यापारी बघून ओळखतो की गाडी उठणार, म्हणजे विकली जाणार, की नाही. ही उठत नव्हती! आणि डाव्या बाजूला अक्का बसलेली, हात जोडून. कुणाला जोडलेत तेही तिला माहीत नसावं.

मी कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि लिलावाचा आवाज लावला.

“मंडळी! हेमंत बोलायला लागला की माणसाने ऐकत राहावं!”

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. म्हटलं, पकड आली!

(मला नंतर कळलं ते इथेच सांगतो. माझ्या पाठीमागे पडद्यावर हेमंतने हात वर केला होता. वर्गात मुलं करतात तसा. शांतपणे, परवानगीची वाट बघत.)

“रोज सकाळी समुद्रात दोन किलोमीटर पोहतो! मासे बाजूला होऊन वाट देतात!”

सभागृह खदखदून हसलं. (आवाज बंद असलेल्या मास्तरांनी मार्करने लिहायची छोटी पाटी घेतली होती आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहून धरलं होतं: ‘पोहता येत नाही.’)

मला इतका प्रतिसाद जन्मात मिळाला नव्हता! अंगात वारं शिरलं.

“बेटावर त्याच्या शब्दाला एवढा मान, की मंत्रीसुद्धा अडले की त्याच्याकडे येतात!”

(‘मी अजून मंत्री पाहिलेला नाही.’)

लोक बाकावर हात आपटायला लागले. वारा घेणाऱ्या बायकांच्या पुस्तिका खाली पडल्या. जांभईवाला गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होता आणि माझ्या दिशेने बोट दाखवत होता. मी त्याला नम्रपणे नमस्कार केला.

“गळा असा गोड, की संध्याकाळी तो गायला बसला की होड्या किनाऱ्याला लागतात!”

(‘मामा, कृपया थांबा.’ आणि त्याखाली सवयीप्रमाणे दोन रेघा.)

“मामा, हा परिचय मेळावा आहे, लिलाव नाही!” जाधव सर ओरडले. पण तेही पोट धरून ओरडत होते, म्हणून मी ते कौतुकात धरलं. याच वेळी अक्का उठून उभी राहिली आणि ते “दिग्या, मागं बघ!” सुरू झालं. मग तिच्याबरोबर अख्खी रांग, मग अख्खं सभागृह. “मागे बघा! मागे बघा!”

शेवटी मी बघितलं.

भिंतीएवढा हेमंत. हनुवटीला मार्करची शाई. रागावलेला नव्हता. गणित चुकलेल्या मुलाकडे बघतात तसा माझ्याकडे बघत होता. दोन्ही हातांनी धरलेल्या पाटीवर लिहिलेलं:

‘मामा, माझा परिचय तुमच्या खिशात आहे.’

सभागृह एकदम शांत झालं. म्हणजे इतकं, की खाली पुऱ्या तळल्याचा आवाज वर आला.

मी कागद काढला. आधी उलटाच धरला, मग सुलटा केला. (फेटा घट्ट बांधला होता त्यामुळे, असं मी घरी सांगितलं.) आणि लिलावाचा आवाज कुठे गेला कोण जाणे, मी साध्या आवाजात वाचलं. कमी बोलतो. गर्दीत थकायला होतं. कुणी शेजारी नुसतं बसलं तरी गप्पा झाल्यासारखं वाटतं. वरण-भात बरा करतो. हे सगळं आधी सांगितलेलं बरं.

पहिल्या रांगेतला जांभईवाला गृहस्थ सावरून बसला.

जाधव सर घसा साफ करून म्हणाले, “काही प्रश्न?”

मागच्या बाजूने एक मुलगी उठली. नांदगावची पल्लवी, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर. (म्हणजे सदोष नग बाजूला काढणं हाच तिचा रोजचा धंदा. मी मनात म्हटलं, आटोपलं!)

“गर्दीत थकायला होतं म्हणता,” ती म्हणाली, “मग वर्गात तीस-चाळीस मुलं असतात, तिथे नाही थकत?”

हेमंतचा आवाज सोडला होता, तरी त्याने पाटी पुसली, लिहिलं आणि धरलं.

‘तिथे मला कुणी “बोल ना” म्हणत नाही.’

“बरं,” ती म्हणाली आणि खाली बसली. पलीकडे शाळेची घंटा झाली. हेमंतने सगळ्यांना नमस्कार केला, पडदा निळा झाला. संपलं.

परतीच्या वाटेवर गाडीत अक्का माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आमच्या घराण्यात हे मरणाहून वाईट! सिन्नर आल्यावर उतरताना म्हणाली, “पोरानं एकदाच काहीतरी मागितलं व्हतं, दिग्या.” आणि निघून गेली.

संध्याकाळी मी हेमंतला फोन लावला. वीस मिनिटं बोललो. कांद्याची उदाहरणं दिली, मोड आलेल्याची, टपोऱ्याची. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मामा, तुम्ही घाबरला होतात ना? मला कुणी पसंत करणार नाही म्हणून?”

मी बोलायला तोंड उघडलं आणि बोलायला काहीच सापडलं नाही. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. “काय झालं? कोण गेलं?”

“हो रे,” मी म्हटलं.

“मीपण घाबरलो होतो,” तो म्हणाला. मग आम्ही दोघं काही वेळ नुसतेच फोन धरून बसलो. तसं वाईट नव्हतं ते.

चार दिवसांनी मी अक्काची समजूत काढायला तिच्या वस्तीवर गेलो होतो, तेव्हा नांदगावहून पल्लवीच्या वडिलांचा फोन आला. मी उचलला, पण अक्काने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि तोंडावर बोट ठेवून मला अंगणात काढलं.

शाळेला सुट्टी लागल्यावर हेमंत आला. गंगापूर रोडला एका मिसळीच्या हॉटेलात दोघांची भेट ठरली. मला सोबत न्यायला अक्काने अट घातली: तीन टेबलं लांब बसायचं आणि पाव तोंडात ठेवायचा. मी ठेवला. दोघं दीड तास बसले. माझ्या हिशेबाने अकरा वाक्यं बोलले, त्यातली चार तर्रीबद्दल. बाकी वेळ नुसते बसलेले! मी इकडे घामाघूम. मला वाटलं, गाडी नाही उठत. आणि बघतो तर पल्लवीने न विचारता स्वतःच्या वाटीतला अर्धा कांदा त्याच्या वाटीत टाकला, आणि तो तिच्याकडे बघून असा हसला, जसं मी त्याला एकोणतीस वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. मी पाव गिळला तो न चावताच.

निघताना ती नमस्काराला आली. मला राहवेना. अक्का हात धुवायला गेली होती, तेवढ्यात विचारलंच.

“काय गं पोरी, त्या दिवशी डॉक्टर होते, इंजिनिअर होते, बंगलेवाले होते. त्या सगळ्यांत तुला आमचा हेमंतच का पटला?”

तिने जरा विचार केला.

“तुम्ही एवढं बोलत होतात,” ती म्हणाली, “तरी त्यांनी कॉल कट केला नाही.”