आमच्या ठाण्याने मान्य केलेला देश

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं लक्ष आधी स्वतःच्या उजव्या हाताकडे जातं. सगळा घोळ त्यानेच केला होता.

पोलिसातून निवृत्ती जवळ आली होती आणि जाता जाता एखादा हेर पकडावा, अशी मला फार हौस. अशात ग्वाल्हेरच्या दौलतगंजमधले एक मराठी गृहस्थ ठाण्यात आले. "साहेब, आमचा आफ्रिकन भाडेकरू कॉलेजात शिकतो. त्याच्याकडे पासपोर्ट दोन निघाले. त्यातला एक देश तर नकाशातच नाही."

मला वाटलं, देव पावला.

मुलाला आणलं. एक पासपोर्ट सोमालियाचा, त्यावर आपला व्हिसा. दुसरा सोमालीलँडचा, आतून कोरा करकरीत. मी तो तिथल्या तिथे बनावट ठरवला आणि पुन्हा वापरता येऊ नये म्हणून कोऱ्या पानावर ठाण्याचा गोल ठप्पा दाणकन मारला.

ठाण्याची लिखापढी करणारा मुन्शी हळूच म्हणाला, "साहब, ठप्पा पंचनामे पर लगना था."

मग जबाब सुरू झाला. घरमालकाच्या घरात राहून मुलगा कामापुरती मराठी शिकला होता.

"घर कुठलं? लिही, मी सोमालियाचा," मी म्हणालो.

"व्हिसाच्या कागदावर लिहिलंय सर. पण तुम्ही घर विचारताय."

"आहे कुठे तुझा देश?"

"आहे ना. सोमालियापासून वेगळा झालाय. झेंडा आहे, नोटा आहेत, निवडणुका होतात. फक्त बाहेरचे मानत नाहीत, म्हणून व्हिसा सोमालियाच्या पासपोर्टवर. पोलीसपण आहेत सर, तुमच्यासारखेच."

मुन्शीला खोकला आला.

"हे घरमालक काका रोज म्हणतात, आम्ही महाराष्ट्राचे," मुलगा पुढे म्हणाला. "मी विचारलं, कधी राहिलात तिथे? म्हणाले, कधीच नाही. त्यांना कोणी ठाण्यात आणत नाही."

बाकावर बसलेल्या काकांनी मान खाली घातली. मीही घातली असती, पण अंगावर वर्दी होती. आमचंही घराणं पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून शिपाईगिरी करत इकडे आलेलं. ग्वाल्हेरात आम्ही दक्षिणी, आणि पुण्याला मेव्हण्याकडे "जेवण खाल्लं" म्हटलं की सगळं घर हसतं, "आले हिंदीवाले."

मुलाला देशाबाहेर काढायचा प्रस्ताव मी तयारच ठेवला होता. शेवटच्या वर्षाला होता, शिक्षण गेलंच असतं. पण वरून पडताळणीचं उत्तर आलं: सोमालियाचा पासपोर्ट आणि व्हिसा अस्सल, दुसरा त्याने कुठे वापरलाच नव्हता, तेव्हा गुन्हा नाही. प्रस्ताव मी फाडला.

जप्त पासपोर्ट परत देताना मी पुटपुटलो, "ते ठप्प्याचं जरा चुकलं बाबा."

त्याने ते पान उघडलं आणि शाईवरून बोट फिरवलं.

"आई फोनवर नेहमी विचारते, कोणी मानलं का आपल्याला?"

"मग आता काय सांगणार?"

"सांगतो, ग्वाल्हेरने मानलं."

माझी सगळी नोकरी खोटे कागद ओळखण्यात सरली. खरा कागद असूनही माणूस बिनपत्त्याचा राहू शकतो, हे त्या पोराने शिकवलं. अजूनही पुण्याला निघालो की वाटतं, तिथल्या कुणीतरी एकदा रागाच्या भरात, चुकून का होईना, आपल्यावरही असा ठप्पा मारावा.